फुसका बार, खरी बंदूक

अमेरिकन वेस्टर्न चित्रपटातली चकमक आठवा. धुळीच्या रस्त्यावर दोघं समोरासमोर उभे ठाकतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत रिव्हॉल्व्हर बाहेर येतात, धडाधड बार होतात आणि पुढच्याच क्षणी पडलेल्या माणसाच्या शर्टाची गुंडीसुद्धा स्पष्ट दिसते. 1870-80 च्या काळात खरोखर अशी चकमक झाली असती, तर दुसऱ्या-तिसऱ्या बारानंतर नेम धरणाऱ्याला समोरचा माणूसच दिसला नसता. तेव्हाच्या काडतुसात काळी दारू असायची: सोरा सुमारे 75 टक्के, कोळसा 15 आणि गंधक 10. ही दारू जळली की तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग वायू न होता पोटॅशियम कार्बोनेट आणि सल्फेटसारख्या क्षारांची पूड होऊन बाहेर पडतो. पांढराशुभ्र, दाट धूर म्हणजे ही पूडच. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1884 मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली, पण कोल्टचं सुप्रसिद्ध सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर 1873 चं. त्याच्या मूळ काडतुसात 40 ग्रेन, म्हणजे साधारण अडीच ग्रॅम काळी दारू ठासलेली असे.

चित्रीकरणात वापरतात ते ब्लँक, म्हणजे गोळी नसलेलं काडतूस. पितळी नळकांडं, बुडाशी घाव बसताच पेट घेणारी टोपी, आत दारू, आणि तोंड चुरगाळून बंद केलेलं किंवा कागदी बूच मारलेलं. गोळी नाही म्हटल्यावर वायूला अडवणारं फारसं काही उरत नाही, दाब चढत नाही. सुतळी बॉम्बची सुतळी सोडून आतली दारू उघड्यावर पेटवली तर ती नुसती भुर्रकन जळते, धमाका होत नाही. इथेही अडचण तीच. म्हणून ब्लँकमध्ये बहुतेक वेळा झटकन जळणारी दारू भरतात. किती भरायची याचेही ठरलेले प्रकार आहेत: फुल लोड, हाफ लोड, क्वार्टर लोड. कलाकार जवळ असेल तर पाव, लांबच्या दृश्याला पूर्ण.

आधुनिक स्वयंचलित पिस्तूल ब्लँकवर तसंच्या तसं चालत नाही. पुढचं काडतूस वर घ्यायला त्याला गोळीच्या धक्क्याचा किंवा वायूच्या दाबाचा जोर लागतो, म्हणून सिनेमासाठी त्याच्या नळीचं तोंड आतून चिंचोळं करून दाब कोंडावा लागतो. वेस्टर्नमधल्या हत्यारांना ही भानगडच नाही. कोल्टचा घोडा प्रत्येक वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि त्याबरोबर सहा घरांचं चक्र फिरतं. विंचेस्टर रायफलीत खालची कडी पुढे-मागे केली की काडतूस बदलतं. जोर माणसाच्या हाताचा. त्यामुळे दुकानातली खरी बंदूक काहीही बदल न करता थेट सेटवर वापरता येते. ही मोठी सोय आहे, आणि माझ्या मते या प्रकारच्या चित्रपटांमधला धोकाही इथेच आहे: नळी आरपार उघडी, यंत्रणा शाबूत.

हॉलिवूडच्या शस्त्रागारात या सोयीवर आणखी एक कडी झाली. नायकाचं रिव्हॉल्व्हर .45 चं, रायफल .44-40 ची, साथीदाराकडे .38-40. ऐन चित्रीकरणात कोणाला कुठलं काडतूस द्यायचं, हा गोंधळ नको म्हणून ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचा ब्लँक आला. पुढे निमुळता असलेला हा एकच ब्लँक तिन्ही मापांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणि दोन मापांच्या रायफलींमध्ये चालायचा, म्हणून पाच. गोळी असती तर हे जमलंच नसतं, कारण तिला नळीच्या आट्यांमध्ये, म्हणजे आतल्या पेचदार खाचांमध्ये, घट्ट बसावं लागतं. ब्लँकचं काम घरात बसणं आणि टोपीवर घाव झेलणं, एवढंच.

त्या शस्त्रागारात 1892 ची विंचेस्टर पोत्याने पडलेली होती, त्यामुळे पडद्यावर कथानकाचं साल कुठलंही असलं तरी हातात 1892 चीच रायफल. ‘स्टेजकोच’ (1939) या चित्रपटाची गोष्ट 1880 च्या सुमाराची, पण जॉन वेन त्यात मोठ्या कडीची 1892 ची विंचेस्टर गरागरा फिरवतो. 1860 ची हेन्री रायफल दाखवायची असली की याच विंचेस्टरचं पुढचं लाकूड काढून टाकायचं आणि मधला भाग पितळी रंगवायचा. दुरून खपून जातं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची कथा 1862 मधली आहे आणि नायकाचं रिव्हॉल्व्हर मात्र धातूच्या काडतुसावर चालणारं, रूपांतरित कोल्ट. असं काडतूस मागून भरायला चक्राला आरपार भोकं लागतात. ती पाडण्याचं पेटंट तेव्हा रॉलिन व्हाइटच्या नावावर होतं आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे. ते 1869 मध्ये संपल्यावरच कोल्टला हा मार्ग खुला झाला. मला या चुका खुपत नाहीत. ठासणीच्या रिव्हॉल्व्हरची सहा घरं पुन्हा भरताना बघायची म्हटलं तर प्रेक्षक चहा पिऊन येतील. आणि मूळ हत्यारं दुर्मीळ झाल्यावर इटलीच्या ब्रेशिया प्रांतातल्या उबर्टी, पिएटासारख्या कारखान्यांनी चालत्या प्रतिकृती बनवायला घेतल्या. टीव्हीवरच्या वेस्टर्न मालिकांमुळे मागणी एवढी वाढली, की खुद्द कोल्टने बंद केलेलं 1873 चं मॉडेल 1956 मध्ये पुन्हा सुरू केलं.

कॅमेऱ्याचं गणित वेगळंच. फिल्म कॅमेरा सेकंदाला 24 चौकटी टिपतो, पण दोन चौकटींच्या मध्ये फिल्म सरकत असताना फिरती तबकडी उजेड अडवते. म्हणजे साधारण 21 मिलिसेकंद उघडं, तेवढंच बंद. बिनधुराच्या दारूची ज्वाळा काही मिलिसेकंदांतच विझते; ती नेमकी बंद वेळेत आली तर पडद्यावर आवाज येतो आणि नळीच्या तोंडाशी काहीच दिसत नाही. काळ्या दारूचे अर्धवट जळालेले कण बाहेर पडल्यावरही ठिणग्या होऊन पेटत राहतात, त्यामुळे ती कॅमेऱ्याला हमखास सापडते. डिजिटल कॅमेऱ्याची तऱ्हा निराळी: त्यातले बरेचसे चित्र एकेक ओळ करून वाचतात, म्हणून कधी चौकटीचा फक्त वरचा किंवा खालचा पट्टा उजळलेला दिसतो.

आता धोक्याकडे. ब्लँकमध्ये गोळी नसली तरी तापलेला वायू आणि बूच जवळून जीवघेणं ठरतं. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अभिनेता सेटवर असाच जखमी झाला आणि काही दिवसांनी गेला. पण रिव्हॉल्व्हरची खास गोम दुसरीच आहे. समोरून पाहिलं की चक्राच्या घरांतली गोळ्यांची टोकं दिसतात. जवळच्या दृश्यात ब्लँक भरले तर रिकामी तोंडं दिसतील, म्हणून तिथे ‘डमी’ घालतात: गोळी खरी, दारू नाही, टोपी निकामी. 1993 मध्ये ‘द क्रो’ या चित्रपटाच्या सेटवर डमीतली टोपी जिवंत राहून गेली होती. तिच्या इवल्याशा जोराने गोळी नळीत सरकून अडकली. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक उडवला, त्याच्या वायूने गोळी बाहेर ढकलली आणि अभिनेता ब्रँडन ली मारला गेला.

डमी ओळखायच्या खुणा साध्या आहेत. कुशीत भोक पाडलेलं असतं, किंवा आत छर्रा असतो आणि कानाशी हलवलं की तो खुळखुळतो. 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नच्या सरावात अभिनेता अ‍ॅलेक बॉल्डविनच्या हातात पिएटाची .45 कोल्ट प्रतिकृती होती. बंदूक ‘कोल्ड’ आहे, म्हणजे आत उडण्यासारखं काही नाही, असं सांगितलं गेलं होतं. सहांपैकी एक काडतूस जिवंत निघालं. छायालेखिका हॅलिना हचिन्स मृत्युमुखी पडली, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाला. सेटवर इतरत्रही जिवंत काडतुसं सापडली. शस्त्रांची जबाबदारी असलेल्या हॅना गुटिएरेझ-रीडला 2024 मध्ये 18 महिन्यांची शिक्षा झाली. बॉल्डविनवरचा खटला त्याच वर्षी न्यायालयाने रद्द केला.

आता ज्वाळा संगणकावर रंगवणं स्वस्त झालं आहे आणि बरेच निर्माते तेच करतात. पाहणाऱ्याला मात्र फरक जाणवतो: अशा ज्वाळेने नटाच्या चेहऱ्यावर उजेड पडत नाही, तोही वेगळा रंगवावा लागतो. बंदुकीच्या धक्क्याचं नाटक तर त्याला ब्लँकच्या जमान्यातही करावंच लागायचं. खऱ्या .45 मधली साडेसोळा ग्रॅमची गोळी पुढे जाताना हाताला मागे रेटते. ब्लँकमध्ये ते वजनच नसल्याने हात जेमतेम हलतो. जुन्या वेस्टर्नमधले नट बार करताना मनगट पुढे झटकतात, जणू गोळी हातानेच फेकताहेत. खरा धक्का बरोबर उलट दिशेला असतो.