त्सुनामी पूर्वतयारीचे शिक्षण

समुद्रकाठच्या मुलांना त्सुनामीची नैसर्गिक लक्षणे ओळखायला, उंचावर जाण्याची वाट आधीच ठरवायला आणि कुणाच्या आदेशासाठी न थांबता निघायला शिकवणे म्हणजे त्सुनामी पूर्वतयारीचे शिक्षण. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरातील त्सुनामीने दोन लाखांहून अधिक बळी घेतल्यावर त्याकडे जगाचे लक्ष वळले.

शिकवायचे ते मोजकेच आहे. उभे राहणे कठीण व्हावे असा किंवा सौम्य असूनही बराच वेळ चाललेला भूकंप, एकाएकी ओसरून तळ उघडा पाडणारे पाणी, समुद्राकडून येणारी घरघर. यांपैकी एक जरी जाणवले तरी भोंग्याची वाट पाहायची नाही. पाणी दरवेळी आधी ओसरतेच असे नाही. खोल समुद्रात लाट ताशी ७०० ते ८०० किमी वेगाने येते, उथळ पाण्यात मंदावते आणि उंच होते. भूकंपाचे केंद्र जवळ असेल तर हाती काही मिनिटेच उरतात. लाटा कित्येक तास येत राहतात आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असे नसते. म्हणून एक लाट परतल्यावर घर पाहायला खाली उतरणे जिवावर बेतते.

हे ज्ञान शाळेतूनच मिळते असे नाही. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर १९०७ च्या त्सुनामीची आठवण घरोघरी गोष्टी-गाण्यांतून जपली गेली. २००४ मध्ये हादरा बसताच लोक डोंगराकडे धावले आणि सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर अवघे सात जण दगावले. त्याच दिवशी थायलंडमधील फुकेतच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीने फेसाळते पाणी पाहून, नुकताच भूगोलाच्या तासाला शिकलेला धडा आठवून लोकांना किनारा सोडायला लावला.

सर्वांत बोलके उदाहरण जपानमधील कामाइशी शहराचे. तिथे प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी मुलांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या: अंदाजांवर विसंबू नका, त्या क्षणी जमेल तितके करा, सर्वांआधी तुम्ही निघा. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली, तेव्हा शहराच्या उनोसुमाई भागातील माध्यमिक शाळेची मुले हादरे थांबताच धावत सुटली. धोक्याच्या नकाशात त्यांची शाळा सुरक्षित पट्ट्यात होती. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही इमारत सोडून निघाली. ठरलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळताना दिसला, तेव्हा मुले तिथेही थांबली नाहीत. लहानग्यांचे हात धरून आणखी वर गेली. मागे दोन्ही शाळा पाण्याखाली गेल्या. ‘सर्वांआधी निघा’ हा उपदेश स्वार्थी वाटतो, पण धावणाऱ्याला पाहूनच इतरांचे पाय उचलतात.

त्याच दिवशी जपानमधल्याच इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेत मुलांना सुमारे पन्नास मिनिटे मैदानात थांबवून ठेवले होते. शाळेमागेच टेकडी होती. ७४ मुले आणि १० शिक्षक दगावले. आधीची तयारी अपुरी होती, असा निकाल सेंडाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात तो कायम राहिला.

म्हणूनच वर्गातल्या तक्त्यांपेक्षा सरावाला मोल आहे, आणि तो अडचणींसह व्हावा: नेहमीची वाट बंद, अंधार, सोबत लहान मूल किंवा म्हातारे माणूस. घरच्यांशी करारही आधीच हवा. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर त्याला ‘तेंदेन्को’ म्हणतात: ज्याने त्याने आहे तिथून उंच जागा गाठायची. आईबाप शाळेकडे मुलाला न्यायला आणि मूल घराकडे त्यांना शोधायला निघाले, तर दोघेही पाण्याच्या वाटेत सापडतात. आपले माणूसही निघालेले असणार, हा भरवसा असेल तरच प्रत्येकाला मागे न वळता धावता येते.