सामूहिक प्रोत्साहन योजना (पुणे जिल्हा)

औद्योगिकदृष्ट्या मागास भागांत कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्र शासन उद्योगांना देत असलेल्या सवलतींची योजना. ती १९६४ पासून चालू असून दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. १९७९, १९९३, २००७, २०१३ आणि २०१९ या त्यांपैकी काही. तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि ड+ असे गट पाडलेले असतात. तालुका जितका मागे, तितके अनुदान जास्त आणि मुदतही लांब.

या उतरंडीत पुणे शहर व लगतचा विकसित पट्टा मुंबईच्या पंगतीला, अ गटात बसतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरीत ‘एमआयडीसी’ उभी राहिली आणि वाहन कारखान्यांभोवती सुट्या भागांची वर्कशॉपे वाढली. शासनाने संपादन करून दिलेली जमीन, पाणी आणि रस्ते हीही मदतच होती. फक्त तिला कोणी ‘प्रोत्साहन’ म्हणत नाही.

जिल्हा मात्र एकजिनसी नाही. हवेली आणि सह्याद्रीतले वेल्हे यांना एकच माप लावता येत नाही, म्हणूनच गट तालुक्यावर ठरतो. रांजणगाव, कुरकुंभ, जेजुरी, बारामती या औद्योगिक वसाहतींमुळे कारखानदारी जिल्ह्याच्या पूर्व भागात पसरली. पण कारखानदार नकाशा शासनापेक्षा बारकाईने वाचतो. सातारा रस्त्याने नीरा ओलांडली की शिरवळ. नगर रस्त्याने घोड नदी ओलांडून पुढे गेले की सुपे. जिल्हा बदलतो, अ गटातून सुटका होते; बाजारपेठ, पुरवठादार आणि कामगारांना ने-आण करणारी कंपनीची बस पुण्याचीच राहते. गडचिरोलीकडे वळावे म्हणून ठेवलेले आमिष असे बरेचदा पुण्याच्या वेशीबाहेरच खपते. ‘मेगा’, म्हणजे फार मोठ्या गुंतवणुकीच्या प्रकल्पांना तर मंत्रिमंडळाची उपसमिती स्वतंत्र पॅकेज ठरवून देते. चाकणच्या वाहन उद्योगाला त्याचा लाभ झाला.

लहान उद्योजकाचा रस्ता शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रातून जातो. आधी पात्रता प्रमाणपत्र, मग दरवर्षी दावा. मुद्रांक शुल्क व विद्युत शुल्कात माफी, व्याज अनुदान आणि पूर्वी व्हॅटशी, २०१७ नंतर राज्य जीएसटीशी जोडलेले औद्योगिक प्रोत्साहन अनुदान हे मुख्य लाभ. अनुदानाची रक्कम अर्थसंकल्पी तरतुदीप्रमाणे मिळते, त्यामुळे जाणता उद्योजक ती खेळत्या भांडवलात धरत नाही. ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अटही आहे. पण राज्यात १५ वर्षे वास्तव्य असलेला कोणीही स्थानिक ठरतो. वसाहतीत जमीन गेलेल्या गावाला या अटीतून वेगळे काही मिळत नाही.

मागासलेपण मोजण्याचे काम पुण्याच्याच अर्थतज्ज्ञाकडे आले. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे माजी संचालक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (१९८३–८४) सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण आदी क्षेत्रांतील अनुशेष, म्हणजे मागे राहिलेला विकास भरून काढायला लागणारा खर्च, सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ टक्के. उरलेला ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा होता, हे भाषणांत सहसा येत नाही. पुढे विजय केळकर समितीने २०१३ मध्ये याच प्रश्नावर अहवाल दिला.

कारखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्यांसाठी २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. खुल्या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या शहरात १५ व ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती आदींना अनुक्रमे २५ व ३५ टक्के अनुदान मिळते. स्वतःचे ५ ते १० टक्के घालावे लागतात, बाकीचे बँकेचे कर्ज. ते मंजूर करणे बँकेच्याच हाती असल्याने उद्योग केंद्राची शिफारस मिळाली तरी प्रकरण तिथे अडू शकते.