साडेबारा गुण आणि पाचवी जागा

झुरिकच्या १९५३ च्या कँडिडेट्सचा, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेचा, गुणतक्ता बुद्धिबळप्रेमी आजही चाळतात. त्यात तळाला नाव दिसतं गिडिऑन स्टालबर्गचं: पंधरावा, २८ डावांत ८ गुण. एवढ्या एका ओळीवरून त्याला तोलणं मला अन्यायाचं वाटतं.

गोथेनबर्गजवळ १९०८ मध्ये जन्मलेला हा खेळाडू विशीतच स्वीडनचा विजेता झाला. १९३४ मध्ये त्याने त्या काळच्या नामवंत खेळाडूला, निम्झोविचला, सामन्यात हरवलं. १९३९ चं ऑलिंपियाड, म्हणजे देशोदेशीच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा, ब्युनोस आयर्सला चालू असतानाच युरोपात महायुद्ध पेटलं आणि तो तिकडेच राहिला. ऐन उमेदीची नऊ वर्षं अर्जेंटिनात गेली. चाळिशीत परतला, १९४८ ची इंटरझोनल, म्हणजे कँडिडेट्ससाठीची पात्रता स्पर्धा, खेळून कँडिडेट्समध्ये पोचला आणि १९५० मध्ये बुडापेस्टला दहा जणांत सातवा आला.

खरा वाद १९५२ चा. स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबाडेनला झालेल्या इंटरझोनलमधून पाच जण पुढे जाणार होते. पहिले चौघेही सोव्हिएत. पाचव्या जागेवर चौघांची बरोबरी झाली, प्रत्येकी साडेबारा गुण. त्यांत एक सोव्हिएत, एक हंगेरियन, एक युगोस्लाव्ह आणि स्टालबर्ग. टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या निकषावर, सोव्हिएत खेळाडू सरस ठरला, म्हणजे नियमाप्रमाणे पाचही जागा एकाच देशाकडे गेल्या असत्या. जागतिक संघटनेने मग उरलेल्या तिघांनाही आत घेतलं.

पाच म्हणजे पाच, स्पर्धा संपल्यावर जागा वाढवायच्या नसतात, हा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही. त्याची किंमतही मोजावी लागली: पंधरा खेळाडू, तीस फेऱ्या, आणि संख्या विषम असल्याने दर फेरीत एक जण बसून. ऑगस्टअखेर सुरू झालेली स्पर्धा ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबली. तरीही मला निर्णय योग्यच वाटतो. वीस डाव खेळून चौघांचे गुण सारखे, मग फरक राहतो तो कोणी कोणाला हरवलं याच्या आकडेमोडीचा. तेवढ्यावरून तिघांना घरी पाठवणं कठोर झालं असतं. आणि एवढं करूनही पंधरांत नऊ सोव्हिएत होतेच.

झुरिकला स्टालबर्ग पंचेचाळिशीचा होता. पुढे १९५७ ते १९६३ या काळातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांत तो पंच होता. १९६७ मध्ये एका स्पर्धेसाठी लेनिनग्राडला गेलेला असतानाच त्याचं निधन झालं.