कंपाइल अडलं की टेस्ट पडली?

डेबियन या लिनक्स प्रणालीचं एखादं पॅकेज सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायला घेतलं आणि लॉगच्या तळाशी ‘एक्झिट स्टेटस २’ हा अपयशाचा आकडा दिसला, की पटकन तोंडातून निघतं, ‘कोड कंपाइलच होत नाहीये.’ पुष्कळदा कोड केव्हाच कंपाइल झालेला असतो. पडलेली असते ती टेस्ट, म्हणजे तयार प्रोग्रॅम नीट चालतो का हे पाहणारी चाचणी. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण डेबियनमध्ये दोन्हींना एकच नाव आहे, एफटीबीएफएस (‘फेल्स टू बिल्ड फ्रॉम सोर्स’, म्हणजे सोर्सपासून बांधलं जात नाही), आणि दोन्हींवर ‘सीरियस’ दर्जाचाच बग लागतो.

म्हणून शेवटची ओळ सोडा, थोडं वर जा. तक्रार ‘डीएच_ऑटो_बिल्ड’ या बांधणीच्या पायरीची असेल तर कंपाइल अडलं, ‘डीएच_ऑटो_टेस्ट’ या चाचणीच्या पायरीची असेल तर टेस्ट पडली.

कंपाइलची चूक सरळ असते. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरने, आधी जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही नुसती वॉर्निंग न ठेवता थेट एरर केली. जुन्या सी कोडची बरीच पॅकेजेस तिथे अडली. फाइल कळते, ओळ कळते, आणि पुन्हा चालवलं तरी त्याच ओळीवर अडतं.

टेस्टचं तसं नाही. तिथे आरोपी कोण इथपासून सुरुवात. पायथन ३.१२ ने युनिटटेस्ट या टेस्ट लिहिण्याच्या लायब्ररीमधलं ‘असर्टइक्वल्स’ हे जुनं नाव काढून टाकलं; ते वापरणाऱ्या टेस्ट धडाधड पडल्या, प्रोग्रॅममध्ये मात्र काहीच बिघडलं नव्हतं. अशा वेळी प्रोग्रॅमचा कोड उकरत बसणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. कधी टेस्ट नेटवर्क मागते, आणि बिल्ड चालू असताना बाहेर जायला तर डेबियनची पॉलिसीच मनाई करते. कधी टेस्टसोबत ठेवलेल्या सर्टिफिकेटची मुदत संपते: काल बांधलं गेलेलं पॅकेज, एक अक्षर न बदलता, आज बांधलं जात नाही. (तारीख मागे नेऊन बांधून पाहा, लगेच कळतं.) आठ टेस्ट एकदम चालवल्या की दोघी एकाच तात्पुरत्या फाइलवर भांडतात, हेही नेहमीचंच.

पण दर वेळी टेस्टलाच दोष देऊ नका. फक्त एस३९०एक्सवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम यंत्रावर, पडली तर कान टवकारा. ते यंत्र बिग-एंडियन आहे, म्हणजे संख्येतला सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवतं. बाइटचा क्रम गृहीत धरून फाइल वाचणारा कोड तिथेच उघडा पडतो, आणि ती चूक खरीखुरी प्रोग्रॅमची असते.

‘नोचेक’ हा टेस्ट वगळण्याचा पर्याय देऊन बिल्ड हिरवं करता येतं. माझ्या मते ते फक्त निदानापुरतं वापरावं: त्यानंतर पॅकेज बनलं, तर बाकीचं सगळं ठीक आहे एवढंच कळतं. आणि बग नोंदवताना लॉगच्या तळच्या दहा ओळी चिकटवू नका. पडलेल्या टेस्टचं नाव, काय अपेक्षित होतं आणि काय आलं, एवढं द्या.