पूर्व व उत्तर चाचणीतील गुणांची तुलना

एकाच व्यक्तींनी प्रशिक्षणाआधी व नंतर भरलेल्या प्रश्नावलीतील गुणांचा फरक केवळ योगायोगाचा आहे काय, हे तपासण्यासाठी संख्याशास्त्रीय चाचणी निवडण्याची पद्धत. महाराष्ट्रात बी.एड., एम.एड.च्या संशोधनात तिची गरज हटकून पडते.

येथे तपासायची असते ती प्रत्येकाच्या दोन गुणांची वजाबाकी. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीतील विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याच दहा रुग्णांना दोन औषधांनी मिळालेल्या जादा झोपेचे आकडे आहेत. दोन रकाने वेगवेगळ्या रुग्णांचे मानले तर टी-मूल्य (सरासरी फरक योगायोगाने अपेक्षित चढउताराच्या किती पट आहे ते) १.८६ येते आणि ०.०५ स्तरावर, म्हणजे योगायोगाने एवढा फरक दिसण्याची संभाव्यता पाच टक्क्यांच्या आत हवी या निकषावर, फरक सार्थ ठरत नाही. रुग्णागणिक वजाबाकी केली तर सरासरी फरक १.५८ तास आणि टी-मूल्य ४.०६, म्हणजे फरक सार्थ. आकडे तेच, माणसामाणसांतला मुळातला फरक तेवढा वजाबाकीत गळून पडला. म्हणूनच प्रश्नावली निनावी भरून घेणे महागात पडते. नाव नको असेल तर सांकेतिक क्रमांक तरी घ्यावा. जोड्या मागाहून कोणतेही सॉफ्टवेअर जुळवून देत नाही.

अशा वजाबाक्यांवर केलेल्या, म्हणजे जोडीच्या टी-चाचणीत फरकांचे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) धरलेले असते, मूळ गुणांचे नव्हे. ही गल्लत नेहमीची. फरक मोजके व वेडेवाकडे असतील तर फ्रँक विलकॉक्सन यांची १९४५ ची चिन्हांकित क्रमांक चाचणी घेतात. ती फरकांना आकारानुसार क्रमांक लावते. त्यामुळे गॉसेट यांच्या आकड्यांतला ४.६ तासांचा एकांडा फरक नुसता ‘सर्वांत मोठा’ एवढाच उरतो. शून्य फरकाच्या जोड्या सहसा वगळतात. उरलेल्या जोड्या पाचच असतील, तर सगळे फरक एकाच दिशेचे असूनही दोन्ही बाजूंची (वाढ व घट या दोन्ही दिशा धरून) संभाव्यता २/३२, म्हणजे ०.०६२५ निघते, ०.०५ च्या आत यायला किमान सहा जोड्या लागतात. हा हिशेब प्रश्नावली वाटण्याआधीच करायचा.

उत्तरे ‘होय-नाही’ अशी असल्यास मॅक्निमार चाचणी (१९४७). ती फक्त मत बदललेल्यांना मोजते.

कमी गुण पाहून निवडलेली मुले दुसऱ्या वेळी काही न शिकवताही सरासरीकडे सरकतात. हा भाग वेगळा काढायचा तर नियंत्रित गट, म्हणजे प्रशिक्षण न दिलेला तसाच दुसरा गट, लागतो; मग दोन गटांतील वजाबाक्यांची तुलना स्वतंत्र गटांच्या टी-चाचणीने करता येते.