डिस्कच्या आत मुरलेला वास

डिस्क गोल्फ हा खेळ आपल्याकडे अजून फारसा परिचित नाही. यात चेंडू खळग्यात ढकलायचा नसून प्लॅस्टिकची डिस्क शक्य तितक्या कमी फेकींमध्ये साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पोहोचवायची असते. एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन या संघटनेच्या नियमांनुसार या डिस्कचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो आणि वजन २०० ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. झाडी, उतार आणि पाणी हेच या खेळातले अडथळे असल्यामुळे डिस्क चिखलात रुतणे किंवा तळ्यात पडणे ही नित्याची बाब आहे. नाशिकमध्ये गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरच्या काठी किंवा पाणवेलींनी व्यापलेल्या गोदावरीलगत साधी फ्रिस्बी फेकणाऱ्यालाही हा अनुभव येऊ शकतो. साबणाने स्वच्छ धुतलेली डिस्क दुसऱ्या दिवशी पिशवीतून बाहेर काढावी, तर तिला तोच कुजकट वास पुन्हा येत असतो.

धुण्यात काही कसर राहिली, असे आपल्याला वाटते. काही वेळा ते खरेही असते, पण बऱ्याचदा वास डिस्कच्या पृष्ठभागावर नसून आत मुरलेला असतो. लसणाची चटणी ठेवलेला स्टीलचा डबा एकदा घासला की निर्गंध होतो आणि प्लॅस्टिकचा डबा मात्र आठवडाभर चटणीची आठवण देत राहतो, याचे कारणही हेच आहे. स्टीलमध्ये अणूंची रचना इतकी घट्ट असते की गंधाच्या रेणूंना आत शिरायला वाव मिळत नाही. प्लॅस्टिक हे लांबलचक साखळ्यांसारख्या रेणूंचे बनलेले असते. त्यातल्या काही साखळ्या शिस्तीत रचलेल्या, तर काही एकमेकींत गुंतलेल्या असतात. या गुंत्यातल्या साखळ्या सतत किंचित हलत असल्यामुळे त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात आणि नाहीशा होतात, आणि लहान रेणू एका पोकळीतून दुसरीत सरकत सरकत आत जातात. स्वस्त डिस्क बहुधा पॉलिएथिलीनसारख्या प्लॅस्टिकच्या, तर महागड्या डिस्क थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनच्या असतात. पहिल्या प्रकारात तेलकट स्वभावाचे रेणू सहज विरघळतात. दुसऱ्या प्रकारातले मऊ, रबरासारखे भाग इतरही अनेक रेणूंना थारा देतात.

आत शिरलेला रेणू बाहेरही त्याच वाटेने आणि त्याच संथ गतीने येतो. रेणूंच्या अशा सरकत पसरण्याला विसरण म्हणतात आणि त्याचा एक नियम इथे फार उपयोगी पडतो: लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डिस्कचा मधला भाग पातळ आणि कड जाड असते. कड मधल्या भागाच्या ५ पट जाड असेल आणि वास दोन्हीकडे पूर्ण खोलवर मुरलेला असेल, तर कडेतून तो निघून जायला सुमारे २५ पट वेळ लागेल. म्हणूनच मधल्या भागाचा वास गेला तरी कड नाकाजवळ नेल्यावर तो पुन्हा जाणवतो. साबणाचा रेणू तुलनेने मोठा असतो आणि पाण्याबरोबर तो पृष्ठभागावरच काम करतो. आतला वास बाहेर काढण्यासाठी खेळती हवा आणि वेळ यांना पर्याय नाही. रसायनांचा उपयोग उरलेल्या मळासाठी आणि पृष्ठभागाशी आलेल्या रेणूंसाठी.

तरीही वास कोणता आहे हे आधी ओळखावे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. पाणवेली कुजू लागल्या की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळाच्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच, आणि गाळाचा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. हा वायू प्लॅस्टिकमध्ये फार काळ टिकून राहत नाही. त्यामुळे धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांनीही सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर कडेच्या आतल्या खाचेत किंवा उठावदार अक्षरांच्या कोपऱ्यांत गाळ अडकलेला आहे असे खुशाल समजावे. जुना दात घासायचा ब्रश आणि भांडी घासायचा लिक्विड साबण यांनी तो निघतो. त्यानंतर ३ टक्क्यांपर्यंत पातळ केलेले हायड्रोजन पेरॉक्साइड काही मिनिटे लावून ठेवल्यास उरलेल्या सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते. रंग फिका पडण्याची शक्यता असल्यामुळे ते आधी डिस्कच्या एखाद्या छोट्या भागावर लावून पाहावे. नाशिकच्या वायनरींमध्ये काम करणाऱ्यांना हा वायू चांगला ठाऊक असतो, कारण नायट्रोजन कमी पडल्यास किण्वन करणारे यीस्टही तो सोडते.

मातीचा, ओलसर वास मात्र वेगळा आणि अधिक चिवट असतो. तो जिऑस्मिन या रेणूचा असतो. गर्बर आणि लेशव्हेलिए या संशोधकांनी १९६५ मध्ये त्याला हे नाव दिले. मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू आणि साचलेल्या पाण्यातले नील-हरित शैवाल तो तयार करतात. एक लिटर पाण्यात ५ ते १० नॅनोग्रॅम इतके अत्यल्प जिऑस्मिनही आपल्या नाकाला कळते. वळवाच्या पहिल्या सरीनंतर आपण ज्या सुगंधावर खूश होतो त्यात हाच रेणू असतो, हे डिस्क हुंगताना कोणाला पटणार नाही. आम्लात जिऑस्मिनचे रूपांतर निर्गंध पदार्थात होते, म्हणून पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये डिस्क अर्धा-पाऊण तास ठेवणे शास्त्राला धरून आहे. मेलेल्या माशांचा वास लागला असेल तर त्यावरही व्हिनेगरच चालते. तो वास ट्रायमिथाइल अमीन या अल्कधर्मी पदार्थाचा असतो आणि आपण मासळीला लिंबू किंवा कोकम लावतो तेव्हा याच अमीनला निष्प्रभ करत असतो. घामाचा आंबूस वास उलट आम्लांचा असतो, तिथे खायचा सोडा हवा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेस पाहण्यात मौज असली तरी फायदा नाही, कारण दोघे एकमेकांनाच निष्प्रभ करतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते.

ब्लीच वापरूच नये. त्याने रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खराब होतात, आणि ते व्हिनेगरमध्ये मिसळले गेले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननेही पॉलियुरेथेनचा पृष्ठभाग बिघडतो. उष्णतेने विसरण वेगाने होते हे खरे, परंतु वैशाखात बंद मोटारीतले तापमान ६० अंशांपलीकडे जाते आणि मऊ पडलेली डिस्क वाकडी होते. अशी डिस्क उडताना भरकटते. शिवाय उड्डाणाचे गुण बदलणारा फेरफार खेळाच्या नियमांतही बसत नाही. कोमट पाणी आणि सावलीतला वारा पुरेसा आहे.

डिस्क वाऱ्यावर ठेवणे शक्य नसेल तर झाकणाच्या डब्यात डिस्कसोबत सक्रिय कोळसा ठेवावा. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे एकूण पृष्ठफळ कित्येकशे चौरस मीटर भरते आणि डिस्कमधून बाहेर पडणारे रेणू त्यावर चिकटून राहतात, त्यामुळे डब्यातली हवा गंधाने भरून जात नाही आणि आतले रेणू बाहेर येत राहतात. मत्स्यालयाच्या दुकानात हा कोळसा मिळतो; शेगडीतल्या कोळशाला तितकी छिद्रे नसतात. वास गेला की नाही हे ठरवताना मात्र स्वतःच्या नाकावर विसंबू नये, कारण काही मिनिटांतच ते त्या वासाला सरावते. कोळसा काढून डिस्क रात्रभर रिकाम्या, बंद डब्यात ठेवावी आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी झाकण उघडायला सांगावे. त्याच वेळी पिशवीही धुऊन उन्हात वाळवावी. श्रावणातल्या ओलीने तिच्या कापडात बुरशी धरलेली असेल, तर स्वच्छ झालेली डिस्क त्यात ठेवल्यावर पुन्हा तोच वास शोषून घेईल.