नजर कुठे वळायची, हे आठवण कशी ठरवते

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या अनेक वयस्कांना कन्नड वाचता येत नाही. तरी बेळगावच्या बसस्थानकावर कन्नड पाटी लावलेली आपल्या गावची गाडी ते बरोबर ओळखतात. अक्षरांचा आकार, पाटीची जागा, गाडी कुठून वळते हे सगळं डोक्यात मुरलेलं असतं. जुनी आठवण नजरेला वाट दाखवते, पण विज्ञानाने लक्ष आणि स्मृती यांचा अभ्यास बराच काळ वेगवेगळा केला.

19व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने अंधारात क्षणभर ठिणगी पाडून दाखवलं की बुबुळ न हलवताही मनात ठरवलेल्या जागेवरची अक्षरं टिपता येतात. ती जागा मन कशावरून ठरवतं, हा प्रश्न तसाच राहिला.

1953 मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाला सतत येणाऱ्या फिट थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस (आठवणी घडवणारा भाग) आणि आसपासचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज हात सुधारत गेला, पण आदल्या दिवशी आपण हेच केलं होतं हे त्याला आठवत नसे. न आठवताही माणूस शिकतो, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो.

त्याच धाग्यावर 1998 मध्ये चुन आणि जियांग या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. पडद्यावर विखुरलेल्या अनेक 'एल'मधून एक 'टी' शोधायचा. काही मांडण्या पुन्हा पुन्हा येत, आणि त्यांत 'टी' लवकर सापडे. ही मांडणी आधी पाहिली होती का, असं विचारलं तर लोकांना सांगता येत नसे. पुढच्या प्रयोगांत ओळखीच्या मांडणीत 'टी'ची जागा बदलली, तेव्हा हा फायदा गेला आणि नवी जागा अंगवळणी पडायला फार वेळ लागला. फलाट बदलल्यावर गोंधळणाऱ्या म्हाताऱ्यांवर कंडक्टरने खेकसू नये, त्याचं कारण इथे आहे.

हे काम हिप्पोकॅम्पसचंच का, यावर मात्र वाद झाला. 1999 मध्ये चुन आणि फेल्प्स यांना मोलेसनसारख्या, नव्या आठवणी न टिकणाऱ्या रुग्णांत हा फायदा दिसला नाही. 2001 मध्ये मॅन्स आणि स्क्वायर यांनी दाखवलं की इजा फक्त हिप्पोकॅम्पसपुरती असेल तर फायदा टिकतो. 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या नोब्रे यांच्या गटाने प्रयोगासाठी जाणीवपूर्वक आठवता येईल अशी जागा घेतली. ओळखीच्या चित्रात वस्तू कुठे होती हे आठवून लक्ष तिकडे वळतं, तेव्हा हिप्पोकॅम्पस आणि लक्ष वळवणारे मेंदूचे भाग एकत्र काम करताना दिसले.